सागरी पुरातत्त्ववाल्यांचा स्वयंसेवी गट: दार किती उघडं ठेवायचं?

तळठाव
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सागरी पुरातत्त्वात काम करणाऱ्यांचा एक गट आम्ही सहा वर्षं चालवतोय. सगळा कारभार हौसेचा, पगारी माणूस एकही नाही. सभासद एकशे चाळीसच्या आसपास, वर्गणी नावापुरती. महिन्याला एक ऑनलाइन व्याख्यान, वर्षातून एक कार्यशाळा, नवख्यांना कोणी अनुभवी माणूस जोडून देणं, आणि एक नोंदवही. नोंदवही म्हणजे सभासदांना ठाऊक असलेल्या बुडालेल्या जहाजांची यादी. अक्षांश-रेखांश, खोली, तळ वाळूचा की चिखलाचा, शेवटचं कोण कधी उतरलं, काय उघडं पडलंय. आमची खरी कमाई म्हणाल तर तीच.

आता गोची अशी. गेल्या महिन्यात एका गृहस्थांचा अर्ज आला. पाण्याखालचा तीस वर्षांचा अनुभव. पण त्यातली बरीच वर्षं ते बुडालेल्या जहाजांतला माल काढून लिलावात विकणाऱ्यांकडे कामाला होते. अर्जात त्यांनी हे स्वतःहून लिहिलंय. 'ते काम सोडलं, आता शिकायचं आहे' असंही लिहिलंय. कार्यकारिणीत सात जण. तीन होकार, तीन नकार, आणि सातव्यांचं नेट ऐन मतदानाच्या वेळी गेलं ते अजून आलेलं नाही.

आमच्या घटनेत सभासदत्वाचं कलम आहे: 'सागरी पुरातत्त्वात रस असणारी कोणतीही व्यक्ती.' हे वाक्य मीच लिहिलेलं. पहिल्या वर्षी अकरा जण होतो, कोणीही आलं तरी हवंच होतं.

तर सभासद कोणाला करावं? आणि नोंदवही कोणी बघावी? अशा संस्था चालवणाऱ्यांनी सांगा. मी सहा वर्षं सचिव आहे, ते पद कोणी घेत नाही, पण ते रडगाणं वेगळं.

निवांत बसलेला
ज्यांचं नेट गेलं त्यांनाच सचिव करा. गैरहजर माणसाच्या गळ्यात पद घालण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे.

सुकाणू
तळठाव, ते वाक्य आधी बदला. रस सगळ्यांनाच असतो, चोरालाही असतो.

मी अशा दोन गटांत होतो, त्यातला एक याच प्रश्नावर फुटला. अनुभवाचे बोल सांगतो. दोन प्रकारचे सभासद ठेवा, व्यावसायिक आणि सहयोगी. व्यावसायिक व्हायला काहीतरी मोजता येईल अशी अट हवी. पदवी, नाहीतर प्रत्यक्ष स्थळावरच्या किमान पन्नास उतरणी. आणि दोघांनाही आचारसंहितेवर सही सक्तीची. ती लिहायला डोकं खाजवत बसू नका. पाण्याखालच्या वारशाबद्दलचा युनेस्कोचा २००१ चा करार आहे, त्याच्या परिशिष्टात ३६ नियम आयते लिहिलेले आहेत. पहिलाच नियम, वस्तू जागच्या जागी जपणं हा पर्याय सर्वांत आधी विचारात घ्यायचा. दुसरा, विक्रीसाठी उपसणं या कामात बसत नाही. करार सरकारांना लागू, आपल्या गटाला नाही. पण सभासदाने ते नियम पाळीन म्हणून सही केली की पुढे बोट ठेवायला जागा राहते.

आणखी एक. गटाच्या नावाने उतरणी आयोजित करू नका. ज्याने त्याने आपापल्या संस्थेच्या डायव्हिंग अधिकाऱ्याच्या परवानगीने उतरावं. आमच्या एका 'अभ्यास सहलीत' एकाच्या कानाचा पडदा फाटला. माणूस आठवड्याभरात हिंडायला लागला, पत्रव्यवहार सहा महिने चालला.

ओलं लाकूड
पन्नास उतरणी? मग मी बाद. चला, निघते.

सुकाणूकाका, रागावू नका, पण हे नेहमीचंच आहे. समुद्रातलं लाकूड, कातडं, दोर, लोखंड जपण्याचं काम मी बावीस वर्षं करतेय. मला पोहता येतं, बस. एक महिना उत्खनन झालं की प्रयोगशाळेत पुढची कित्येक वर्षं जातात, आणि गटाच्या व्याख्यानांत मात्र दर वेळी निळं पाणी आणि कॅमेऱ्याकडे बघून अंगठा-तर्जनी जुळवणारा पाणबुड्या.

माझं काम कसं दिसतं सांगू? टब. त्यात पाणी. पाण्यात लाकडाचा तुकडा, मोजणी रोज लिहायची. क्षार उतरले की पाणी बदलायचं, परत मोजायचं. प्रत्येक तुकड्याला प्लास्टिकची चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर पेन्सिलीने क्रमांक, कारण शाई जाते आणि पेन्सिल राहते. एकदा एका स्वयंसेवक मुलाने पाणी बदलताना नऊ चिठ्ठ्या 'धुऊन स्वच्छ ठेवल्या'. सोडून. नीट ओळीत वाळत घातल्या होत्या बिचाऱ्याने. ते नऊ तुकडे जहाजाच्या कुठल्या भागातले हे जुळवायला आम्हाला पाच महिने लागले, आणि दोन अजून जुळलेले नाहीत. तो मुलगा आज माझा सगळ्यात काटेकोर सहकारी आहे.

तर अट घालायची तर 'या कामाच्या कुठल्याही टप्प्यात दोन वर्षं' अशी घाला.

कोरडाठाक
बाहेरचा माणूस, भाबडा प्रश्न. लाकूड बाहेर काढून नुसतं सावलीत वाळवलं तर काय होतं?

ओलं लाकूड
@कोरडाठाक, भाबडा नाही, पहिला प्रश्न हाच असायला हवा. शेकडो वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशींच्या भिंती आतून खाल्लेल्या असतात. आकार टिकलेला असतो तो आत भरलेल्या पाण्यामुळे. ते पाणी नुसतं उडून जाऊ दिलं की पेशी मिटतात, तुकडा आक्रसतो, वाकतो, भेगाळतो. म्हणून पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचा मेणासारखा पदार्थ भरायचा. स्वीडनचं वासा जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं, १९६१ मध्ये वर आणलं, आणि त्यावर या पदार्थाचा फवारा सतरा वर्षं चालू होता. सतरा! कार्यकारिणीची मुदत दोन वर्षांची असते.

निवांत बसलेला
पहिल्याच सफरीत बुडालं आणि तरी साडेतीनशे वर्षांनी एवढी बडदास्त. आमच्या कॉलेजच्या नाट्यसंस्थेला आशा आहे.

अनुस्वार
विषयांतर होतंय, पण राहवत नाही. 'सागरी' का? नदीत, तळ्यात, विहिरीत, धरणाखाली बुडालेलं सगळं मग कोणाचं? 'जलमग्न पुरातत्त्व' म्हणा. आणि पुरातत्त्वमध्ये त दोनदा, त्याला व जोडलेला. वर सगळ्यांनी बरोबर लिहिलंय म्हणून माफ केलं.

शीड फाटलं
जलमग्न म्हटलं की बंदरं सुटली. किनाऱ्यावर गाळात गाडलं गेलेलं जुनं बंदर आज कोरड्या जमिनीवर असतं. जहाज बांधायच्या जागा, दीपगृहं, मिठागरं, हीही समुद्राशी बांधलेलीच, पण पाण्याबाहेर. 'सागरी' तितकं वाईट नाही.

अनुस्वार
मग नदीचं काय?

शीड फाटलं
नदी शेवटी सागराला मिळते. विषय संपला.

दप्तरखाना
मूळ प्रश्नाकडे. सुकाणू म्हणतात तशी भिंत घालण्याआधी या क्षेत्राचा इतिहास एकदा बघा. हे क्षेत्रच बाहेरच्यांनी उभं केलंय.

मेरी रोझ घ्या. १५४५ मध्ये बुडालेली इंग्लंडची युद्धनौका. शोध १९६५ च्या सुमारास सुरू केला अलेक्झांडर मॅकी यांनी. पत्रकार-लेखक माणूस, सोबतीला हौशी पाणबुड्यांचा क्लब. १९६७ मध्ये त्यांनी समिती नेमली. तेव्हा बुडालेल्या जहाजाला संरक्षण देणारा कायदाच तिथे नव्हता, तो आला १९७३ मध्ये. मग यांनी काय केलं? समुद्राचा तळच भाड्याने घेतला! जहाज जिथे असेल असं वाटलं तेवढा तुकडा, रीतसर भाडेपट्टा करून. आम्ही भाडेकरू, तुम्ही इथे खोदू शकत नाही. स्वयंसेवी समितीची याहून हुशार चाल मला माहीत नाही. पुढे उत्खननात पाचशेच्या वर स्वयंसेवक पाणबुडे, २८ हजारांच्या आसपास उतरणी, आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला सांगाडा वर. त्या कामाच्या पुरातत्त्वप्रमुख मार्गारेट रूल यांना सुरुवातीला डायव्हिंग येत नव्हतं, त्या कामासाठी शिकल्या. पन्नास उतरणींची अट असती तर?

वासा शोधणारे अँडर्स फ्रान्झेनसुद्धा पेट्रोलियमचे इंजिनियर. दोरीला पोकळ नळी लावून तळ टोचत फिरायचे. १९५६ मध्ये नळीत काळं पडलेलं ओक अडकून आलं. आणि मुळात ते तिथे शोधत होते कारण बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा टेरेडो जगत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. हौशी माणसाने!

सुकाणू
दप्तरखाना, तुम्ही सांगताय ती हौशी माणसं. अर्जदार हौशी नाहीत, ते *व्यावसायिक* होते. विकायचा व्यवसाय. दोन गोष्टींची गल्लत करू नका. (पन्नास उतरणींचं मागे घेतो. ओलं लाकूड यांचं म्हणणं मान्य.)

शीड फाटलं
सुकाणूंना जोरदार अनुमोदन.

दार उघडं ठेवल्याचा परिणाम बघायचा तर जावा समुद्रात बघा. फेब्रुवारी १९४२ च्या लढाईत डच नौदलाच्या डी राउटर, जावा आणि कोर्तेनार या नौका बुडाल्या. शेकडो खलाशांची थडगीच ती. २००२ मध्ये हौशी पाणबुड्यांना सापडल्या. २०१६ मध्ये पंच्याहत्तराव्या स्मृतिदिनाच्या तयारीसाठी सोनार (ध्वनिलहरींनी तळ तपासणारं यंत्र) घेऊन गेले तर दोन नौका जवळपास नाहीतच, तिसरीचा मोठा भाग गायब. तळावर जहाजाच्या आकाराचे खड्डे उरले होते. भंगारासाठी अख्ख्या युद्धनौका उचलल्या! कोणी, कुठून माहिती काढून, ते सोडा. एकदा जागांचे आकडे फुटले की परत गोळा करता येत नाहीत, एवढंच म्हणायचं आहे.

प्रतिध्वनी
मी सर्वेक्षण कंपनीत आहे. समुद्रातल्या पवनचक्क्या आणि केबल टाकण्याआधी तळ तपासायचा असतो, त्यात साइड स्कॅन सोनार (ध्वनीने तळाचं चित्र काढणारं) आणि मॅग्नेटोमीटर (तळातल्या लोखंडाचा सुगावा लावणारं) या यंत्रांची नोंद वाचायचं काम. या क्षेत्रातल्या पगारी नोकऱ्या आज बऱ्याचशा इथेच आहेत. तेव्हा 'कंपनीवाला म्हणजे संशयित' असा सूर लागणार असेल तर आधीच हात वर करतो.

आमची अडचण उलटी आहे. मला शंभर जागा माहीत असतील, पण करारामुळे नोंदवहीत एकही टाकता येत नाही. माहिती ग्राहकाची. गटाला वाटतं हा नुसता घेतो, देत काही नाही. तळठावताई, नियम करताना हे लक्षात असू द्या. कोण किती देतो यावर विश्वास मोजलात तर आमच्यासारखे सगळे खालच्या पायरीवर.

आता फुटण्याबद्दल. आकडे चोर चोरतात असं सगळ्यांना वाटतं. मी पाहिलेला प्रकार सांगतो. एका गटात नवीन स्थळ सापडलं. सगळ्यांनी शपथा घेतल्या, फाइलला कुलूप, फोटोंतली जागेची माहिती पुसून टाकली, एकदम कडक. आणि मग एका उत्साही सभासदाने बोटीवरचा सेल्फी टाकला. बोट नांगरलेली, चार जण हसतायत. मागे दीपगृह, आणि त्याच्या बरोब्बर मागे डोंगराचा सुळका, दोन्ही एका रेषेत. फोटोच्या डाव्या कडेला खाडीच्या तोंडावरचा खडक. आता जुन्या काळापासून मासेमार जागा कशी धरतात? किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत, दुसऱ्या दोन खुणा दुसऱ्या रेषेत, रेषा छेदतात तिथे आपली जागा. जीपीएसची गरजच नाही. त्या फोटोत एक रेषा पूर्ण होती आणि दुसरी अर्धी. आमच्या बोटीवरचा तांडेल फोटो बघून म्हणाला, "ही जागा होय!" आणि बोट दाखवून मोकळा. आठ सेकंद लागले असतील.

तेव्हा अर्जदारावर नजर ठेवाल ती सेल्फीवाल्यावरही ठेवा.

निवांत बसलेला
सेल्फीला पार्श्वभूमी पांढरी चादर, असा ठराव मांडतो.

खडक_३
+१ प्रतिध्वनी. भारी किस्सा.

भरती_ओहोटी
तळठाव, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं प्रात्यक्षिक उत्तर देते, कारण आम्ही ठेच खाऊन शिकलोय.

आमच्याकडे नोंदवही एकच फाइल होती, बघायची तर सगळी बघा नाहीतर काहीच नाही. तिथेच चुकलं. आता तीन थर आहेत. वरच्या थरात जहाजाचं नाव, अंदाजे काळ, बांधणी, कोणी काय अभ्यास केला. हे कोणीही बघावं, शाळकरी मुलानेही. मधल्या थरात जागा चौकोनात दिलेली, एवढी ढोबळ की शोधायला गेलं तर हंगाम जाईल. हे सभासदांना. नेमके आकडे तिसऱ्यात, आणि तो थर उघडायला दोघांची संमती लागते. कोणी, कधी, कशासाठी उघडला ते आपोआप नोंदलं जातं. विद्यार्थ्याला प्रबंधासाठी हवे असतील तर त्या एका जागेचे मिळतात, यादी मिळत नाही. आणि यात नवीन काही नाही, वर उल्लेख आलेल्या युनेस्कोच्या करारातही देशांनी एकमेकांना दिलेली जागांची माहिती धोका असेपर्यंत गुप्त ठेवायचं कलम आहे.

दोघांची संमती का, ते ऐका. पूर्वी परवलीचा शब्द एकट्या सचिवांकडे. ते चिडून सोडून गेले. भांडण कशावरून, तर कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावर कोणाची सही आधी! सात महिने नोंदवही आम्हालाच उघडेना. चोरांपासून इतकी सुरक्षित ती त्याआधी नव्हती आणि नंतरही नाही.

तळठाव, तुमच्याकडे तो शब्द कोणाकोणाकडे आहे?

तळठाव
@भरती_ओहोटी ... माझ्याकडे. फक्त. हे वाचून घाम फुटला.

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. तीन थरांची कल्पना उचलतेय. प्रतिध्वनी, तुमच्यासारखे आमच्याकडे तीसेक जण असतील, त्यांच्याबद्दल मीही मनात कुरकुरले आहे. चूक मान्य.

पण अर्जदारांचं काय?

दोरखंड
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो.

'दुसऱ्या बाजूला' मी दोन हंगाम काम केलंय. तळठावताई, तुमचे अर्जदार मी नव्हे, आधीच सांगतो, नाहीतर इथे शोधाशोध सुरू होईल. तेव्हा मी सव्वीसचा, पाण्याखाली वेल्डिंग करायचो, ते काम थांबलं म्हणून हे धरलं. चिनी मातीची भांडी भरलेलं जहाज. हुकूम साधा: अख्खं असेल ते टोपलीत, टवका उडालेलं तिथेच टाका. लाकूड आडवं आलं तर बाजूला सारा. गाळ एअरलिफ्टने उडवायचा, म्हणजे उभा पाइप, खालून हवा सोडली की तो तळ शोषून वर फेकतो. पुरातत्त्ववालेही तोच पाइप वापरतात, फक्त ते हाताने गाळ पंख्यासारखा हलवून चिमूट चिमूट त्यात सोडतात. आम्ही पाइपच तळात खुपसायचो.

एके दिवशी हाताला दोराचं वेटोळं लागलं. मनगटाएवढा जाड, पीळ जसाच्या तसा. मी पाइप बाजूला धरला, नुसती बोटं टेकवली, आणि दोराचा ढग झाला. तपकिरी धूर होऊन पाइपात गेला. तो कशाचा होता, नांगराचा होता की शिडाचा, आता कोणालाच कळणार नाही. वर आल्यावर मी वहीत लिहिलं: 'दोर, जाड, मोठ्या तोफेच्या डावीकडे सहा हात.' का लिहिलं माहीत नाही. तशी टिपणं मी दोन्ही हंगाम करत राहिलो. भांडी कशी रचली होती, किती थर, कुठल्या बाजूला लाकडी खोकी. ती वही आजवर कोणी मागितलेली नाही. सोडल्यावर दोन ठिकाणी मदत करायला गेलो, तिथे मला माझा भूतकाळ विचारला, वही नाही विचारली.

तुमच्या अर्जदारांना गटात घ्या किंवा घेऊ नका. पण वह्या आहेत का, ते विचारा.

ओलं लाकूड
दोरखंड, ती वही कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, दमट होते. मी मागतेय.

शीड फाटलं
दोरखंड यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, तरी विरोधी सूर लावतो. विक्रीसाठी उपसलेल्या जहाजाची माहिती स्वीकारली की त्या उपशाला मागच्या दाराने मान्यता मिळते, म्हणून कित्येक नियतकालिकं असं लेखन छापत नाहीत. बेलितुंगचं उदाहरण बघा. नवव्या शतकातलं जहाज, १९९८ मध्ये सापडलं, एका कंपनीने उपसलं. साठ हजारांच्या आसपास चिनी भांडी, त्यातली बहुतेक सिंगापूरने एकत्र विकत घेतली. एवढा संच फुटला नाही हे खरं नशीब. तरी अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयाने प्रदर्शन ठरवलं तेव्हा पुरातत्त्वज्ञांनी आक्षेप घेतला आणि २०११ मध्ये ते रद्द झालं. त्याच्या उलट १७५२ मध्ये बुडालेलं गेल्डरमाल्सन. त्याचा माल १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला लिलावात गेला आणि घराघरांत पांगला. पहिल्या प्रकाराचं कौतुक केलं की दुसऱ्याला उत्तेजन मिळतं.

दप्तरखाना
शीड, भांडी आणि वही यांत फरक करा हो. भांडं विकत घेतलं तर उपसणाऱ्याला पैसे मिळतात. पंचवीस वर्षांपूर्वीची वही फुकट घेतली तर कोणाला काय मिळतं? ज्याची जागाच नष्ट झाली, तिथली एवढीच नोंद उरलेली असते.

शिवाय खबर देणारी माणसं कोण असतात? उलुबुरुनचं जहाज घ्या, चौदाव्या शतकातलं, इसवी सनापूर्वीच्या. १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका तुर्की पाणबुड्याने सांगितलं की खाली 'कान असलेली धातूची बिस्किटं' पडली आहेत. ती तांब्याच्या लगडी निघाल्या, जवळपास दहा टन. लगडी कशा दिसतात हे स्पंजवाल्यांना आधी गावोगाव जाऊन दाखवून ठेवलं होतं, म्हणून त्याचं लक्ष गेलं. मग १९८४ ते १९९४, अकरा हंगाम, २२,४१३ उतरणी. त्या माणसाला आधी 'तू पुरातत्त्ववाला आहेस का' विचारलं असतं तर बिस्किटं अजून तिथेच असती.

सुकाणू
वह्यांची अट मला पटते. भूतकाळ पुसून मागू नका, लिहून मागा. सहयोगी करा, नेमके आकडे नकोत, दोन वर्षांनी बघा. आणि सातव्या सभासदाचं नेट दुरुस्त करा.

अनुस्वार
'बिस्किटं... निघाल्या' हे लिंगाने तपासून घ्या. बाकी प्रतिसाद उत्तम.

निवांत बसलेला
अनुस्वार, तुम्ही पाण्याखाली बोलता तेव्हा बुडबुड्यांतही चुका काढता का?

तळठाव
दीड महिन्याने येतेय, क्षमस्व.

अर्जदारांना वह्यांबद्दल विचारलं. आठ दिवस उत्तर नाही, मग फोन आला. चार वह्या आहेत म्हणाले. तीन दिल्या. चौथीतल्या कामाबद्दल जुन्या करारावर सही केलेली आहे, ती वकिलाला विचारल्याशिवाय देणार नाहीत. यावर कार्यकारिणीत पुन्हा जुंपली. चौथीतच खरं असेल, असं एका बाजूचं म्हणणं. प्रतिध्वनी करारामुळे देत नाहीत ते चालतं आणि यांचं चालत नाही, हे कसं, असं दुसऱ्या बाजूचं. मला दुसरं पटलं. शेवटी सुकाणू म्हणाले तसंच झालं: सहयोगी, आचारसंहितेवर सही, दोन वर्षं नेमके आकडे नाहीत. चारास तीन. एका सदस्याने राजीनामा दिला, चांगला माणूस होता, वाईट वाटलं.

तीन वह्यांपैकी एकीत एका जहाजाच्या खणाचं पेन्सिलीने काढलेलं रेखाटन आहे. हात अगदी कच्चा. पण प्रत्येक पिंपाशेजारी मोजमाप, आणि कडेला लिहिलंय 'पिंपांखाली काटक्यांची गादी'. मालाखाली काटक्या अंथरायची ती रीत. ती जागा आमच्या नोंदवहीत 'पूर्ण उपसलेली, माहिती शून्य' अशी होती. परवा मी शून्य खोडलं.

परवलीचा शब्द आता तिघांकडे आहे. घटनेतलं वाक्यही बदललं, पण नव्या वाक्यात 'सागरी' ठेवायचं की 'जलमग्न' यावर सभा पाऊण तास अडली, त्याला हा धागा जबाबदार आहे.

अनुस्वार
काय ठरलं?

तळठाव
'सागरी व जलमग्न'. दोन्ही.

भरती_ओहोटी
आणि सचिवपद?

तळठाव
ज्यांचं नेट गेलं होतं ते तयार झाले आहेत. खरंच. पुढच्या सभेला इतिवृत्त लिहायला मात्र कोणी नाही. इथलं कोणी येईल का? पाऊण तासाचं काम आहे, फार तर दीड.

दोरखंड
मी येतो. वहीत लिहिलं तर चालेल ना? टंकायची सवय नाही.